उत्तर आणि दक्षिण कोरियात विभागलेली कुटुंबं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन मालिकांमुळे सोल, बुसान ही नावं आता आपल्याकडच्या कितीतरी घरांत ओळखीची झाली आहेत. त्या मालिकांमध्ये एखादी आजी सणाच्या दिवशी उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करते. एखादे आजोबा सत्तर वर्षांपूर्वीचा फोटो पाकिटात जपून ठेवतात. मग विचारणा होते, की हे काय प्रकरण आहे? या लोकांना आपल्या भावाला साधा फोनसुद्धा का करता येत नाही? पुन्हापुन्हा येणारे असे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

विभागलेली कुटुंबं म्हणजे नेमकी कुठली?

कोरियन भाषेत त्यांना ‘इसान काजोक’ म्हणतात, म्हणजे विखुरलेली कुटुंबं. १९४५ मध्ये देशाचे दोन भाग झाले आणि १९५० ते १९५३ युद्ध झालं. या आठ वर्षांत ज्यांचे आईवडील, नवराबायको, मुलं किंवा भावंडं रेषेच्या पलीकडे राहिली, ते सगळे यात येतात. दक्षिणेत ‘एक कोटी विखुरलेले’ असा शब्दप्रयोग वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो आकडा घोषणेसारखा वापरला जातो, मोजून काढलेला नाही. मोजलेला आकडा आहे तो नोंदणीचा. दक्षिण कोरियात १९८८ पासून सुमारे १ लाख ३४ हजार लोकांनी ‘पलीकडच्या माझ्या माणसाचा शोध घ्या’ असा अर्ज भरला. त्यांतले चाळीस हजारांहूनही कमी आज हयात आहेत आणि बहुतेकांनी ऐंशी ओलांडली आहे.

ही रेषा आखली कोणी?

ज्यांची घरं तिथे होती त्यांना कोणी विचारलं नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येण्याच्या बेतात होता. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि सोव्हिएत फौजा उत्तरेकडून आत येत होत्या. वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी कर्नलांनी नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा समोर ठेवला आणि ३८ व्या अक्षांशावर बोट ठेवलं. उत्तरेला सोव्हिएत, दक्षिणेला अमेरिकी, अशी ती तात्पुरती वाटणी होती. १९४८ मध्ये दोन्हीकडे वेगळी सरकारं आली आणि तात्पुरतं ते कायमचं झालं.

उत्तरेत १९४६ मध्येच कम्युनिस्टांनी जमिनी काढून घेतल्या. जमीनदार, ख्रिस्ती कुटुंबं आणि जपानी अमलात नोकरी केलेले लोक तेव्हापासूनच रात्रीच्या अंधारात दक्षिणेकडे निघाले होते. काही जण उलट दिशेनेही गेले. नव्या राजवटीवर त्यांचा खरोखर विश्वास होता.

आईबाप मुलांना सोडून गेलेच कसे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त दुखावणाराही हाच आहे. खरं सांगायचं तर आपण सोडून चाललो आहोत असं बहुतेकांना वाटलंच नव्हतं.

१९५० च्या हिवाळ्यात चिनी फौजा युद्धात उतरल्या आणि संयुक्त राष्ट्रांचं सैन्य माघारी निघालं. गावोगावच्या तरुणांपुढे दोनच रस्ते होते, लष्करात पकडून नेलं जाणं किंवा पळणं. म्हाताऱ्यांना आणि बायकामुलांना कोणी हात लावणार नाही, असा समज होता. मग घराघरांतून पुरुष निघाले, ‘चार दिवसांत येतो’, ‘फार तर आठवडाभर’ असं सांगून. बायकोने डोक्यावर बोचकं दिलं, आई गावाच्या वेशीपर्यंत आली. कोणी थोरल्या मुलाला बरोबर घेतलं आणि तान्हं बाळ आईजवळ ठेवलं. एवढ्या थंडीत बाळ वाचणार नाही, ही भीती होती. कोरियातल्या कितीतरी घरांची गोष्ट ‘चार दिवसांत येतो’ या एकाच वाक्यावर थांबलेली आहे.

डिसेंबर १९५० मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या हुंगनाम बंदरातून सैन्याबरोबर सुमारे एक लाख नागरिक जहाजांनी बाहेर पडले. ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या एकाच मालवाहू जहाजात चौदा हजार माणसं उभ्याने कोंबली होती. ते जहाज नाताळच्या दिवशी दक्षिणेतल्या कोजे बेटाला लागलं. वाटेत त्यावर पाच बाळं जन्माला आली. पुढे दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले मून जे-इन यांचे आईवडीलही असेच हुंगनामहून आलेले होते. धक्क्यावर हात सुटला आणि एक जण जहाजात, दुसरा बंदरावर राहिला, असं त्या दिवशी किती जणांचं झालं असेल! पुढे २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला. गोळीबार थांबला, पण घरी जायची वाटही त्याच दिवशी बंद झाली.

गाव सोडलंच नाही, तरीही कुटुंब तुटलं, असं झालं का?

झालं. युद्धविरामाची रेषा ३८ व्या अक्षांशावरून सरळ जात नाही. पश्चिमेला ती खाली उतरते, पूर्वेला वर चढते. केसाँग शहर युद्धाआधी दक्षिणेत होतं, ते उत्तरेत गेलं. सोक्चो उत्तरेत होतं, ते दक्षिणेत आलं. केसाँगहून दोन दिवसांसाठी सोलला गेलेल्या माणसाचं घर तो परत जाण्याआधीच दुसऱ्या देशात गेलं होतं.

सोक्चोत ‘आबाई’ नावाची वस्ती आहे. उत्तरेतल्या हामग्याँग प्रांतातून आलेले लोक वाट उघडली की सगळ्यांत आधी आपण घरी जाऊ, म्हणून सीमेच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहिले आणि वाळूच्या पट्टीवर त्यांनी झोपड्या बांधल्या. आबाई म्हणजे त्यांच्या बोलीत म्हातारबुवा.

भेटता येत नव्हतं हे समजलं, पण पत्रं तरी जात असतील ना?

नाही. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत क्रूर गोष्ट मला हीच वाटते. सीमेपेक्षा, काटेरी तारांपेक्षा आणि भूसुरुंगांपेक्षाही.

जर्मनीचेही दोन तुकडे झाले होते. बर्लिनची भिंत सगळ्यांना माहीत आहे. पण पूर्व आणि पश्चिम जर्मनीत टपाल चालू होतं. पश्चिमेकडून कॉफी आणि कपड्यांची पार्सलं जायची. पत्रं उघडून वाचली जायची, तरी पोचायची. १९६४ पासून पूर्व जर्मनीतल्या निवृत्त लोकांना पश्चिमेतल्या नातेवाइकांकडे जायला परवानगी होती. बहिणीला मूल झालं, वडील गेले, हे कळत तरी होतं.

दोन कोरियांमध्ये यातलं काहीच नाही. टपाल नाही, फोन नाही, आज इंटरनेटच्या काळात ईमेलही नाही. मार्च २००१ मध्ये दोन्ही बाजूंनी तीनशे-तीनशे पत्रं एकदा बदलली. अर्ध्या शतकातली ती एवढीच पत्रं. ज्यांच्याकडे पैसा आणि धीर होता त्यांनी चीनमधल्या मध्यस्थांमार्फत चोरून निरोप धाडले. बाकीच्यांना आपली आई जिवंत आहे की नाही एवढंही कळलं नाही.

माणसाला माणसाची खबर मिळू न देणं याला कुठलंही लष्करी कारण नाही. उत्तरेच्या राजवटीला बाहेरच्या जगाची बातमी आत येऊ द्यायची नव्हती. भावाच्या पत्रात ‘आम्ही दोन वेळ पोटभर जेवतो’ एवढं वाक्य असलं तरी ती बातमीच झाली असती.

पलीकडे नातेवाईक असल्याचा मागे राहिलेल्यांना त्रास झाला का?

उत्तरेत फार झाला. तिथे प्रत्येक कुटुंबाची प्रतवारी असते, तिला ‘साँगबुन’ म्हणतात. निष्ठावंत, डळमळीत आणि शत्रू असे ढोबळ तीन वर्ग. आजोबा युद्धात दक्षिणेला गेले असतील तर नातवाचं नाव खालच्या वर्गात. मग चांगलं शिक्षण, पक्षाचं सदस्यत्व, राजधानी प्याँगयांगमध्ये राहणं, मनासारखं लग्न, सगळंच अवघड. म्हणून अनेक बायकांनी नवरा युद्धात मेला असंच सांगितलं आणि मुलांनाही तेच पटवून दिलं.

दक्षिणेचेही हात स्वच्छ नाहीत. ज्याचा भाऊ उत्तरेला गेला त्या घरावर पोलिसांची नजर असायची. त्या घरातल्या मुलाला सरकारी नोकरी मिळायची नाही. कुटुंबातल्या एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना जबाबदार धरण्याच्या या रीतीवर १९८० च्या राज्यघटनेने बंदी घातली. तोवर कित्येकांनी आपल्याला भाऊ होता हे बोलणंच सोडून दिलं होतं.

मागे बायको असताना काहींनी दुसरं लग्न केलं. त्याचं काय?

केलं, दोन्हीकडे. दहा-पंधरा वर्षं वाट पाहून केलं. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुढे भेटी सुरू झाल्यावर पहिली बायको, दुसरी बायको आणि दोघींची मुलं एका टेबलाभोवती बसली. वारसाहक्काचे खटलेही आले. वडील दक्षिणेत वारले तर उत्तरेतल्या मुलांना हिस्सा मिळतो का? २०१२ मध्ये दक्षिण कोरियाने यासाठी खास कायदा केला. त्यात दुसऱ्या लग्नाला संरक्षण दिलं आणि उत्तरेतल्या वारसाचा हिस्सा सांभाळण्याची व्यवस्था लावली.

१९८३ मध्ये टीव्हीवर हरवलेल्या माणसांना शोधणारा कार्यक्रम झाला, तो कोणता?

केबीएस या वाहिनीने ३० जून १९८३ ला एक छोटा विशेष कार्यक्रम केला. युद्धात हरवलेली, पण दक्षिणेतच असलेली माणसं शोधण्यासाठी. प्रतिसाद इतका आला, की तो १३८ दिवस चालला. थेट प्रक्षेपणाचे एकूण ४५३ तास ४५ मिनिटं भरले. एक लाखावर अर्ज आले. ५३ हजारांवर लोक छातीवर पाटी धरून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले: नाव, गाव, वडिलांचं नाव, शेवटचं कुठे पाहिलं. वाहिनीच्या इमारतीच्या भिंती आणि समोरचं मैदान हाताने लिहिलेल्या कागदांनी भरून गेलं होतं. १०,१८९ जणांना आपलं माणूस सापडलं. काही जण तर त्याच शहरात राहत होते. २०१५ मध्ये युनेस्कोने या चित्रफितींचा ‘जगाची स्मृती’ यादीत समावेश केला.

दुभंगलेल्या पडद्यावर दोन शहरांतल्या दोन पोक्त बायका एकमेकींना विचारत असतात, ‘तुझ्या अंगावर अमुक ठिकाणी भाजल्याचा डाग आहे का?’ कोरियन भाषा येत नसली तरी ते समजतं.

उत्तर आणि दक्षिणेतल्या लोकांच्या भेटी केव्हा झाल्या?

पहिल्यांदा सप्टेंबर १९८५ मध्ये, दोन्हीकडच्या पन्नास-पन्नास लोकांना सोल आणि प्याँगयांगला नेऊन. मग पंधरा वर्षं काही नाही. जून २००० मध्ये दोन्ही देशांच्या नेत्यांची भेट झाली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला भेटी नव्याने सुरू झाल्या. तेव्हापासून ऑगस्ट २०१८ पर्यंत एकवीस फेऱ्या झाल्या. पुढच्या बहुतेक भेटी उत्तरेतल्या कुमगांग पर्वताच्या पायथ्याशी झाल्या. २००५ ते २००७ दरम्यान पडद्यावरून बोलण्याच्याही सात फेऱ्या झाल्या. प्रत्यक्ष भेटलेली माणसं दोन्ही बाजू मिळून वीस हजारांच्या आसपास. हा आकडा वरच्या १ लाख ३४ हजारांशेजारी ठेवून पाहा.

नंबर कसा लागतो?

संगणकाच्या सोडतीने. दक्षिणेत रेडक्रॉस वय आणि नात्याची जवळीक पाहून नावं काढते, मग तब्येत आणि इच्छा विचारून यादी लहान करते. दोन्हीकडच्या याद्या बदलल्या की पलीकडचं सरकार माणसं शोधून उत्तर कळवतं. ‘आई हयात नाही, एक बहीण आहे’ असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. आईच्या मृत्यूची बातमी अनेकांना अशीच, सरकारी यादीतल्या एका ओळीतून कळली. शेवटी प्रत्येक बाजूला शंभरच्या आसपास नावं उरतात. २०१८ मध्ये सत्तावन्न हजार हयात अर्जदार होते.

भेट प्रत्यक्षात कशी असते?

आदल्या दिवशी दक्षिणेकडची मंडळी सोक्चोत जमतात. डॉक्टर तपासतात आणि काय बोलायचं, काय टाळायचं हे सांगितलं जातं. राजकारण नको, तिकडच्या नेत्यांविषयी नको, ‘तुम्हाला खायला मिळतं का’ असं थेट नको. मोठ्या पिशव्यांमधून गरम कपडे, औषधं, साबण, चोको पाय, घड्याळं. मग बस निघते.

सभागृहात क्रमांक लावलेली टेबलं असतात. उत्तरेकडच्या बायका रंगीत पारंपरिक पोशाखात, छातीवर सत्ताधारी किम घराण्याचा बिल्ला. पहिला अर्धा तास कोणी नीट बोलतच नाही. ओळख पटवण्यासाठी गावाचं नाव, विहीर, आजोळचं आडनाव असं काहीतरी चाचपडत राहतात. २०१८ च्या भेटीत ९२ वर्षांची आई ७१ वर्षांच्या मुलाला भेटली. ताटातूट झाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तिने त्याला पोटाशी धरलं तेव्हा त्याचे केस पांढरे होते.

थोड्या वेळाने उत्तरेकडचे नातेवाईक पदकं आणि प्रशस्तिपत्रं टेबलावर मांडतात आणि ‘नेत्याच्या कृपेने आमचं उत्तम चाललं आहे’ असं म्हणतात. त्यांच्या मागे कोणी तरी उभं असतं. ते ऐकून दक्षिणेकडच्या तरुण नातवंडांना राग येतो, म्हाताऱ्यांना येत नाही. त्यांचं लक्ष त्या हातांकडे असतं, बोटं किती राठ झाली आहेत याकडे.

तीन दिवसांत मिळून भेटीचे अकरा-बारा तास. रात्री एका छताखाली झोपता येत नाही. शेवटच्या दिवशी एक बाजू बसमध्ये बसते, दुसरी खाली उभी राहते, काचेवर आतून हात आणि बाहेरून हात. ही भेट एकदाच. ज्यांना मिळाली त्यांना पुन्हा अर्ज करता येत नाही. परत आल्यावर झोप उडते, घास उतरत नाही, असं घरचे सांगतात. आधी निदान कल्पना करता येत होती, आता चेहरा माहीत झाला.

आता भेटी का होत नाहीत?

राजकारणामुळे. भेटी नेहमीच सौद्याचा भाग राहिल्या. संबंध सुधारले की भेट, बिघडले की रद्द, कधी तर पिशव्या भरून झाल्यावर. २०१९ नंतर बोलणीच थांबली. २०२३ च्या अखेरीस उत्तरेचे नेते किम जाँग-उन यांनी दक्षिण कोरिया हा शत्रुदेश असल्याचं आणि एकीकरणाचं धोरण सोडल्याचं जाहीर केलं. कुमगांगला भेटींसाठी दक्षिणेने बांधलेली इमारतही पाडायला घेतल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिणेच्या सरकारने सांगितलं.

जपानमधल्या कोरियन कुटुंबांचीही अशीच ताटातूट झाली का?

हो, आणि ती स्वखुशीने झाली असं कागदावर दिसतं. डिसेंबर १९५९ पासून १९८४ पर्यंत निगाता बंदरातून ९३ हजारांवर लोक उत्तर कोरियाला गेले. त्यांना ‘पृथ्वीवरचा स्वर्ग’ सांगितला होता. बहुतेकांची मूळ गावं दक्षिणेत होती, उत्तर त्यांनी कधी पाहिलीही नव्हती. त्यांत सुमारे १,८०० जपानी बायका होत्या, कोरियन नवऱ्यामागे गेलेल्या. तीन वर्षांनी माहेरी येता येईल या भरवशावर त्या गेल्या होत्या. मोजक्या जणींना थेट १९९७ नंतर काही दिवसांसाठी येऊ दिलं. बाकीच्यांना माहेर पुन्हा दिसलं नाही.

या सगळ्याशी भारताचा काही संबंध?

आहे, आणि त्यात आपल्याकडचा एक माणूसही आहे. युद्धविरामानंतर मोठा पेच होता युद्धकैद्यांचा. बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांचा निर्णय होईपर्यंत त्यांना सांभाळायचं काम भारताने घेतलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष छावण्या सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. म्हणून इंचॉनहून त्यांना हेलिकॉप्टरने थेट सीमापट्ट्यात उतरवलं. त्या तळाचं नाव होतं हिंदनगर.

तंबूत एकेका कैद्याला आणायचं, समोर त्याच्या देशाचा अधिकारी बसायचा आणि घरी चल म्हणून समजवायचा. फार थोड्यांचं मन वळलं. काही जण राजवटीच्या भीतीने, काही छावणीतल्या दांडगाईच्या दबावाने परत गेले नाहीत. त्यांतल्या प्रत्येकाने ‘नाही’ म्हणताना गावच्या घराचा दरवाजाही लावून घेतला होता. १९५४ च्या सुरुवातीला बहुतेक चिनी तैवानला गेले आणि कोरियाई दक्षिणेत राहिले. ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते भारतीय दलाबरोबर जहाजाने भारतात आले. बरेच जण पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही इथेच राहिले.

आजही कुटुंबं तुटतात का?

तुटतात. उत्तरेतून पळून दक्षिणेत पोचलेल्यांची संख्या चौतीस हजारांवर आहे, त्यांत बायका अधिक. त्या चीनमार्गे येतात आणि मूल मागे राहतं, उत्तरेत किंवा चीनमध्ये. सीमेजवळ चिनी सिमकार्डावर चोरून फोन होतो, मध्यस्थ पैसे पोचवतो आणि तीस टक्के किंवा जास्त कापून घेतो. फोन पकडला गेला तर तुरुंग. २०१९ मध्ये १,०४७ जण पोचले होते. करोनाच्या निमित्ताने उत्तरेने सीमा अशी आवळली, की २०२१ मध्ये फक्त ६३.

पलीकडचं माणूस कधी गेलं हेच माहीत नसेल, तर श्राद्ध कधी करतात?

कोरियात पितरांच्या विधीला ‘जेसा’ म्हणतात आणि तो मृत्यूच्या तिथीला करतात. तिथी माहीत नसेल तर आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे. तिथे काही जण आईच्या वाढदिवसालाच पान वाढतात, काही चांद्र नवव्या महिन्याच्या नवमीला. काही जण मात्र करतच नाहीत. विधी केला म्हणजे ती गेली असं आपणच ठरवल्यासारखं होईल, म्हणून. चुसॉक या सणाला सीमेजवळ इमजिनगाक इथे १९८५ मध्ये बांधलेल्या वेदीवर म्हातारे जमतात, फळं मांडतात आणि उत्तरेकडे तोंड करून वाकतात. २०२३ पासून चुसॉकच्या दोन दिवस आधी सरकारी पातळीवर ‘विभागलेल्या कुटुंबांचा दिवस’ही पाळतात.

जे वाट पाहत गेले, त्यांच्या मागे काही उरतं का?

दक्षिणेचं सरकार २०१४ पासून इच्छुकांचे डीएनए नमुने घेऊन ठेवतं, पुढेमागे नातवंडांना नातं पटवता यावं म्हणून. त्याआधीपासून दृश्यपत्रं, म्हणजे व्हिडिओवरची पत्रंही चित्रित करून ठेवतात. कॅमेरा घरी येतो. आजोबा कोट घालून बसतात, धाकट्या भावाचं नाव घेतात. मग गावाचं नाव, घरामागच्या झाडाचं, ओढ्यावरच्या दगडाचं वर्णन करतात, म्हणजे तो पाहील तेव्हा त्याला खात्री पटेल की हा आपलाच दादा आहे. आतापर्यंत पलीकडे गेलेली अशी पत्रं अगदी मोजकी आहेत. बाकीची सोलमध्ये ठेवलेली आहेत.